कटऑफची यादी कोण लिहितं?

जून संपत आला की माझ्या फोनवर एक ठरलेला सीझन सुरू होतो. वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो असे नातेवाईक अचानक "काय रे, कसा आहेस?" असं विचारतात आणि पुढच्याच मेसेजला एक पीडीएफ येते. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडची, मागच्या वर्षीची कटऑफ. "बघ जरा, कुठलं कॉलेज पहिलं टाकू?" मी बीटेक केलंय आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, एवढ्याच भांडवलावर मी आमच्या खानदानाचा अधिकृत समुपदेशक झालोय.

यंदा ताईचा फोन आला, तिच्या नणंदेच्या मुलीसाठी. फोनवर ती जे बोलली ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा भाग. तिच्या बोलण्याकडे शेवटी येतो, कारण ते नीट कळायला आधी थोडा इतिहास लागेल.

सुरुवात त्या पीडीएफपासूनच करू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती झूम करकरून पाहिली असेल. प्रत्येक कॉलेज, प्रत्येक ब्रँच, आणि वर विचित्र कोड: 'जीओपनएच', 'एलओपनओ', 'जीओबीसीएस'. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातून आलेले, एस म्हणजे राज्यस्तरावरची जागा. आणि खाली एक आकडा. हा आकडा म्हणजे त्या प्रकारच्या जागेवर सगळ्यात शेवटी ज्याला प्रवेश मिळाला, त्याचा मेरिट नंबर.

बस, एवढंच. त्या आकड्यात प्राध्यापक नाहीत, लॅब नाही, अभ्यासक्रम नाही. रांग किती लांब होती, एवढंच तो सांगतो. हॉटेलबाहेरची गर्दी बघून मिसळ चांगली असणार असं आपण ठरवतो ना, तसंच हे. गर्दी बऱ्याचदा बरोबरही असते! पण त्या गर्दीतले निम्मे लोक 'इथे गर्दी आहे' म्हणूनच उभे राहिलेले असतात.

मग प्रश्न असा की आपल्या घरांना ही रांग बघून निवड करायची सवय लागली कधी?

बराच काळ निवड नावाची गोष्टच नव्हती. पुण्यातलं इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ चं. सुरुवातीला त्याचं नाव होतं 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल', आणि काम होतं सरकारच्या बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं तयार करणं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. सांगलीचं वालचंद १९४७ चं. १९६० मध्ये कराड आणि औरंगाबादला सरकारी कॉलेजं आली, १९६४ मध्ये अमरावतीला. नागपूर धरून अख्ख्या राज्यात मोजकी नावं. बारावीच्या मार्कांवर सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर बीएस्सी करा. 'कुठलं कॉलेज चांगलं?' हा प्रश्न घरात उठायचाच नाही. प्रश्न एकच होता: लागला का नंबर?

ज्यांचा लागायचा नाही आणि ज्यांच्याकडे पैसे असायचे, ते कर्नाटकात जायचे. मणिपालचं इंजिनीअरिंग कॉलेज १९५७ पासून होतं. महाराष्ट्रातली मुलं आणि महाराष्ट्रातलं डोनेशन, दोन्ही सीमा ओलांडून जायचं.

मग आलं १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. पुण्यात पीआयसीटी, व्हीआयटी, एमआयटी, भारती विद्यापीठाचं कॉलेज, मुंबईत थडोमल शहानी, ही सगळी १९८३ ची पोरं. सहकारात, साखर कारखान्यांत मुरलेली मंडळीही यात उतरली. कारखाना, दूध संघ, बँक आणि आता इंजिनीअरिंग कॉलेज. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत याच काळात रुळला, आणि तो कौतुकाचा होता की टोमणा, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असायचं.

डोनेशन थांबलं नाही, फक्त घराजवळ आलं. १९८७ मध्ये राज्यानं कॅपिटेशन फी विरोधी कायदा केला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानं 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी वाटणी आणली. तुमच्या काका-मामांच्या पिढीला विचारा, "फ्री सीटला लागलो होतो" हे ते अजून छाती पुढे काढून सांगतील. २००२ च्या टीएमए पै खटल्यात ती वाटणी गेली. गंमत म्हणजे ज्या मणिपालला आपली मुलं पैसे घेऊन जायची, त्याच मणिपालच्या संस्थापकांच्या नावानं असलेल्या फाउंडेशनचा हा खटला. पुढे फी ठरवायला समित्या आल्या, प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या आल्या, ऑनलाइन ऑप्शन फॉर्म आला.

या सगळ्याचा घरांवर काय परिणाम झाला ते बघा. १९८३ च्या आधी सीट दुर्मीळ होती. वीस-पंचवीस वर्षांत जागा इतक्या झाल्या की हजारो रिकाम्या राहायला लागल्या, काही कॉलेजं बंद पडली. 'नंबर लागेल का?' हा प्रश्न संपला आणि 'कुठे लागेल?' हा सुरू झाला. ज्या घरात कुणीच इंजिनीअर नाही, तिथे शेकडो नावांतून निवडायचं कसं? शिक्षक ओळखीचे नाहीत, शहर ओळखीचं नाही. अशा वेळी एक यादी हाताला लागते, ज्यात आकडे आहेत. आकडा दिसला की माणसाला धीर येतो.

आता एक योगायोग सांगतो. त्याच १९८३ मध्ये, तिकडे अमेरिकेत 'यूएस न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या साप्ताहिकानं पहिल्यांदा कॉलेजांची क्रमवारी छापली. पद्धत साधी होती. कॉलेजांच्या अध्यक्षांनाच विचारलं की तुमच्या मते चांगली कॉलेजं कोणती? म्हणजे ती यादी नावलौकिकाचीच होती. नंतर त्यात आकडेवारी आली, आणि मग कॉलेजं त्या आकड्यांच्या मागे धावायला लागली. बॉस्टनची नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटी १९९० च्या दशकात दीडशेच्याही खाली होती. तिथल्या अध्यक्षांनी ठरवून त्या फॉर्म्युल्याचा अभ्यास केला. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या वर्गाला गुण मिळतात ना, मग बरेच वर्ग एकोणीसवर थांबवा! २००६ पर्यंत ती पहिल्या शंभरात आली. आज एमएसला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे नाव किती वेळा येतं, ते मी सांगायला नको.

उलट बाजूही आहे. रीड कॉलेजनं १९९५ मध्येच या क्रमवारीला माहिती देणं बंद केलं. आणि २०२२ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या गणिताच्या एका प्राध्यापकानं आपल्याच विद्यापीठानं दिलेल्या आकड्यांतल्या चुका जाहीरपणे दाखवल्या. कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्या क्रमांकावर आली. विचार करा, त्या वर्षभरात तिथली एक भिंत हलली नाही, एक प्राध्यापक बदलला नाही. बदलला फक्त आकडा.

आपल्याकडे सरकारी क्रमवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. एनआयआरएफ. इंजिनीअरिंगसाठी त्यात शिकवणं आणि साधनं यांना ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला २०, समावेशकतेला १०, आणि 'परसेप्शन' म्हणजे लोकांचं मत, त्याला १०. म्हणजे बराचसा भार पेपर, पेटंट, पीएचडी यांच्यावर. संशोधन संस्था तोलायला हे ठीकच आहे. पण अठरा वर्षांची मुलगी पहिल्या वर्षाला जाणार, तिला वर्कशॉपमध्ये कोण शिकवणार, हे त्यातून कसं कळणार? शिवाय आपल्या राज्यातली बहुतेक कॉलेजं त्या यादीत येतच नाहीत. म्हणून महाराष्ट्रातल्या घरांसाठी खरं रँकिंग एनआयआरएफ नाही. खरं रँकिंग ती कटऑफची पीडीएफच आहे.

आणि जिथे एनआयआरएफची यादी लागू पडते, तिथे लोक ती ऐकतात का? २०१६ पासून इंजिनीअरिंगमध्ये पहिला नंबर सलग आयआयटी मद्रासचा आहे. मुंबई पहिल्या तिनांत असते, पण पहिली नाही. तरीही जेईई अॅडव्हान्स्डमध्ये अगदी वर आलेली मुलं, पहिल्या पन्नासातली बहुतेक, अलीकडे पवईचं कॉम्प्युटर सायन्स घेतात. एके काळी हाच ओढा कानपूरकडे होता. तिथे १९६३ मध्येच आयबीएमचा कॉम्प्युटर आला होता. मग पवईत असं काय आहे? शहर, स्टार्टअपवाल्या सीनियर्सची साखळी, मूड इंडिगोसारखा फेस्ट, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागच्या वर्षीचे टॉपरही तिथेच गेले. देशातली सगळ्यात हुशार पोरंही रांग बघूनच उभी राहतात. मग आपण कोण?

आम्ही लोक याला फीडबॅक लूप म्हणतो. आउटपुटच पुन्हा इनपुट म्हणून आत जातं. मागच्या वर्षी घरांनी जे निवडलं त्याची यादी होते, यंदाची घरं ती यादी बघून निवडतात, आणि पुढच्या वर्षी तीच यादी थोडीफार इकडेतिकडे होऊन पुन्हा येते.

माझाच फॉर्म सांगतो. २०१५ साल. त्या वर्षी राज्यात इंजिनीअरिंगसाठी सीईटी नव्हती, जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरून मेरिट लागायचं. आम्ही सातारा जिल्ह्यातले. तालुक्याच्या सायबर कॅफेत मी, बाबा आणि मामा. मामानं मागच्या वर्षीची कटऑफ छापून आणली होती, तिच्यावर पट्टी ठेवून तो एकेक ओळ खाली उतरत होता आणि मी तशीच्या तशी फॉर्ममध्ये टाकत होतो. सगळ्यात वर एका जुन्या सरकारी कॉलेजचं नाव आलं. ब्रँच: प्रॉडक्शन. प्रॉडक्शनमध्ये काय शिकवतात हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, कॅफेवाल्यासकट. मला कॉम्प्युटर हवं होतं, ते कमी नावाच्या कॉलेजात मिळत होतं. बाबा म्हणाले, "पतसंस्थेत लोक विचारतील कुठे लागला, तर एका शब्दात सांगता यायला पाहिजे." पहिलाच पर्याय मिळाला. सीट फ्रीझ.

त्यांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. बाबांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. नाव असलेल्या कॉलेजला कंपन्या येतात, हे खरंच आहे. आणि मी आज सॉफ्टवेअरमध्ये आहे तो त्या कॉलेजमुळेच आहे. फक्त ज्या कारणासाठी त्यांनी ते निवडलं, त्या कारणामुळे नाही. दिवसा मी लेथवर जॉब घासायचो. रात्री होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर सीनियर्स कोडिंगच्या स्पर्धा खेळायचे. दार उघडं असायचं. पहिले दोन महिने मी नुसता मागे उभा राहून बघायचो. मग एका सीनियरनं न विचारता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. माझं करिअर त्या कॉरिडॉरमध्ये झालं. या कॉरिडॉरला कुठल्या यादीत किती गुण आहेत?

पण त्या कॉरिडॉरमध्ये मुली नव्हत्या. आमच्या वर्गातल्या मुली रात्री दहाच्या आत त्यांच्या होस्टेलमध्ये, हजेरीला. आम्ही रात्रभर मोकळे. मी फर्स्ट इयरला असतानाच, २०१५ मध्ये, दिल्लीत मुलींच्या होस्टेलच्या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' मोहीम सुरू झाली. मेसमध्ये त्याची बातमी वाचून आम्ही दोन-चार जोक मारले होते. एकाच कॉलेजात, एकाच कटऑफनं आलेल्या मुलांना आणि मुलींना दोन वेगवेगळी कॉलेजं मिळत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता ताई. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा फॉर्म २०१० चा. सीईटीला तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले मार्क. आमचा जिल्हा शिवाजी विद्यापीठात, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजसाठी ती 'बाहेरची'. तिनं 'एलओपनओ' हा कॉलम शोधला, पेन्सिलनं खूण केली, तिला पुण्यात चांगलं कॉलेज मिळत होतं. घरात चर्चा दहा मिनिटं झाली असेल. होस्टेल कसं असेल, रात्री-अपरात्री कोण बघणार, लोक काय म्हणतील. शेवटी एसटीनं पाऊण तासावरचं कॉलेज पहिलं टाकलं, आणि तेच मिळालं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, सोबत गेलो होतो. मला त्या दिवसाचा फक्त वडापाव आठवतो.

तिचं वाईट झालं असं नाही. ती शिकली, बँकेची परीक्षा दिली, आज अधिकारी आहे. पण तिच्या कॉलेजची लायब्ररी साडेपाचला बंद व्हायची, कारण गावाकडची शेवटची बस पावणेसहाला होती. लायब्ररी बंद, लॅब बंद, मैत्रिणी आपापल्या बसमध्ये. सीनियर नावाचा प्राणी तिला फक्त बसस्टॉपवर दिसला. तिच्या कॉलेजची संस्कृती काय होती? एसटीचं वेळापत्रक.

माझ्यासाठी घरानं अख्खी पीडीएफ उघडली. तिच्यासाठी एकच पान.

आणि इथे मला त्या यादीची सगळ्यात मोठी अडचण कळली. दरवर्षी 'एल'चा कॉलम काही ठिकाणी 'जी'च्या कॉलमपेक्षा खाली असतो, आणि ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "मुलींना काय, कमी मार्कांत मिळतं." अरे, त्या आकड्यात माझी ताई नाहीये. ती रांगेत उभीच राहिली नाही. तिला मिळणारी सीट खाली सरकून दुसऱ्या मुलीला गेली, आणि यादीत तिच्या जागी कमी मार्क दिसले. कॉलेजला नकार कुणी दिला, का दिला, हे यादी सांगत नाही. अशा किती जणी त्या कॉलममध्ये दिसत नाहीत, कुणाला माहीत.

पुण्यात १९९१ मध्ये कमिन्स कॉलेज सुरू झालं, फक्त मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज. बऱ्याच घरांनी ते 'सुरक्षित' म्हणून निवडलं असणार, म्हणजे पुन्हा तीच भीती. पण जिथे सगळ्याच मुली असतात तिथे क्लब चालवणारी मुलगीच, रोबोटची मोटर उघडणारी मुलगीच, स्पर्धेला टीम घेऊन जाणारीही मुलगीच. भीतीपोटी उघडलेल्या दारातून आत वेगळंच काही वाढू शकतं. आज तिथल्या कॉम्प्युटरची कटऑफ पुण्यातल्या वरच्या कॉलेजांच्या रांगेत आहे.

तर, ताईचा फोन. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं: पर्सेंटाइल किती, होम युनिव्हर्सिटी कुठली, कॉम्प्युटरच हवंय का, एआय-डेटा सायन्स चालेल का. एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची वरची मर्यादा काढलीय, त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा वाढल्यात, जुन्या कटऑफवर डोळे मिटून जाऊ नका, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, ते तिचे बाबा विचारणारच आहेत. तू लायब्ररीचं विचार. लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचार. आणि मुलींना असते का, तेही विचार."

पंधरा वर्षांत ती याबद्दल पहिल्यांदा बोलली. मी काय बोलणार? "हो ताई," म्हणालो.

त्या मुलीसाठी मी चार कॉलेजांतल्या सेकंड इयरच्या मुलींचे नंबर मिळवले. टॉपर नकोत, साध्या, पास होणाऱ्या मुली. तुमच्या घरीही फॉर्म भरायचा असेल तर एवढं करा. कटऑफ बघा, जरूर बघा, आपल्याला काय मिळू शकतं हे तिच्यातूनच कळतं. पण काय घ्यायचं, हे आत राहणाऱ्या माणसाला विचारा. संध्याकाळी सहानंतर कॉलेजात काय चालू असतं? सीनियर दार उघडं ठेवतात का? अडलं तर कुणाकडे जाता?

तिनं तिघींशी बोलून स्वतःची यादी केली. तिच्या बाबांची यादी वेगळी आहे. त्यांनी जवळचं कॉलेज वर ठेवलंय. फॉर्म कन्फर्म करायला अजून दोन दिवस आहेत. रविवारी ताई त्यांच्या घरी जाणार आहे. मी तिला कटऑफची पीडीएफ पाठवलीय. सगळी पानं.

चला, भेटू पुढच्या भागात.